आधी चंद्रभागा, मग देऊळ

पंढरपुरात आल्यावर थेट देवळात जायचे नसते. आधी चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटात पुंडलिकाचे दर्शन, तिथून महाद्वार घाट चढून वर आले की चोखोबांची समाधी आणि नामदेव पायरी, आणि मग विठोबा. जयघोषातही पुंडलिकाचे नाव देवाच्या आधी येते. प्रदक्षिणा मार्गावरच्या आमच्या वाड्यात जिंतूरकडची एक दिंडी उतरायची. तिला हा क्रम कुणी सांगावा लागला नाही. पडशी ओसरीवर टेकवली, आईने पुढे केलेला तांब्या तोंडाला लावला, की बाया कोरडी लुगडी काखेत घेऊन घाटाकडे निघायच्या. देवळाची बारी कुठवर गेली आहे, हे विचारायचे ते परत आल्यावर.

आता वारी जवळ आली की ज्या बातम्या येतात, त्यांत हा क्रम उलटलेला असतो. दर्शनरांग गोपाळपूरच्या बाजूला कुठवर जाईल, दर्शन मंडप कधी होईल, स्काय वॉक कुठून निघेल, टोकन कसे मिळेल, कॉरिडॉर किती रुंद असेल. चंद्रभागा येते ती एका ओळीपुरती: उजनी धरणातून वारीसाठी पाणी सोडले. रांगेतल्या माणसाची सोय झालीच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंढरपूरच्या नियोजनात नदीला गाभाऱ्याच्या बरोबरीचे स्थान हवे. पैशात हवे, अधिकारात हवे आणि बाराही महिने हवे. पर्यावरणाचा मुद्दा तर त्यात आहेच. मी मात्र हे वारकऱ्याच्या धर्माचा मुद्दा म्हणून मांडते आहे.

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला मुलगा देवाला वीट देतो आणि थांबायला सांगतो. देव थांबतो. त्या पुंडलिकाची समाधी नदीच्या पात्रात आहे. पूर आला की देऊळ पाण्यात बुडते आणि पाणी ओसरले की गाळ काढून पूजा पुन्हा सुरू होते. तिथली सेवा कोळी समाजाकडे आहे, आणि त्याच समाजातले होडीवाले लोकांना विष्णुपदाला, गोपाळपूरला नेतात. मार्गशीर्षात देवाचा मुक्कामही विष्णुपदावर असतो, असे आम्ही मानतो. म्हणजे ज्याच्यासाठी देव आला तो भक्त पात्रात, महिनाभर देवही पात्रालगत, आणि संतांनी कीर्तनाचा रंग भरला तोही वाळवंटात. या क्षेत्राचा निम्मा भाग पाण्याकाठी आहे.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. आषाढीला दहा लाखांवर माणूस येतो. गाभाऱ्यात मिनिटाला पस्तीस जणांना पुढे सरकवले, तरी चोवीस तासांत पन्नास हजारच पायांवर डोके टेकवू शकतात. त्या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो. शेजारती नाही, निद्रा नाही, पाठीशी लोड देऊन देव रात्रंदिवस उभा असतो. नंतर प्रक्षाळपूजेला लिंबू-साखर लावून त्याचे पाय चोळतात आणि शिणवटा जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. देवाने इतके करूनही बहुतेक वारकरी आत पोचत नाहीत. ते नामदेव पायरीवर माथा टेकतात, कळसाकडे हात जोडतात आणि बारस सोडून गावाला परततात. त्यांची वारी अपुरी राहिली, असे कुणी म्हणत नाही, कारण स्नान झालेले असते, प्रदक्षिणा झालेली असते, कीर्तन ऐकलेले असते. या लाखो लोकांच्या अंगाला पंढरपूरचा जो एकच स्पर्श होतो, तो चंद्रभागेच्या पाण्याचा.

ज्यांना देवळाचा दरवाजाच बंद होता, त्यांच्या बाबतीत तर हे शतकानुशतके खरे होते. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी दलितांसाठी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला. त्याआधीच्या पिढ्यांचे पंढरपूर म्हणजे वाळवंट आणि पायरीबाहेरची चोखोबांची समाधी. पुढे १९७३ चा मंदिर कायदा झाला, २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचा दावा फेटाळला, पूजेला सर्व जातींचे पुरुष आणि स्त्रियाही आल्या. देऊळ सर्वांचे व्हावे म्हणून महाराष्ट्राने मोठा लढा दिला आणि तो जिंकला. नदी आधीपासून सर्वांची होती. तिच्यासाठी लढायला मात्र कुणी उरलेले दिसत नाही.

मी लग्नानंतर चिंचवडला आले. माझे घर पवनेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा पुढे पुण्यात मुठेला, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेतच उतरते. हे सगळे पाणी उजनीत साठते आणि तिथून सुटले की चंद्रभागा म्हणून पंढरपुरात येते. सासवडला सोपानकाकांच्या समाधीजवळून जाणारी कऱ्हा नीरेत जाते. माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते, तुकोबांच्या पादुकांना सराटीला घडते. ती नीराही नरसिंहपूरला भीमेला मिळते. पालख्या रस्त्याने जातात आणि त्या वाटेवरच्या नद्या पात्रातून जातात, दोघींचे जाण्याचे ठिकाण एक. चिंचवडमध्ये माझ्या मोरीतून जे वाहून जाते, त्याचा जो भाग शुद्ध न होता पवनेत पडतो, तो माझ्या माहेरच्या घाटापर्यंत पोचू शकतो. भजनात टाळ धरताना हे मनातून जात नाही.

पुण्याचे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी हा पुणे-पिंपरीचा प्रश्न आहे, असे समजून आपण चालतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, सर्व राज्यांत जास्त. भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, नीरा ही नावे या यादीच्या वाचकांना नवी नाहीत. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ९९० कोटींची योजना २०१६ मध्ये मार्गी लागली. ११ शुद्धीकरण केंद्रे, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करण्याची क्षमता. प्रत्यक्ष कामे सुरू व्हायलाच कैक वर्षे गेली. त्याच २०१६ च्या राज्य अर्थसंकल्पात ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर झाले. तेव्हा आईने ती बातमी कापून देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवली होती. कागद पिवळा पडला. घाटावर उभे राहून त्या योजनेचा परिणाम दाखवता येईल असे मला आजही काही सापडत नाही.

आई ऐंशीच्या पुढे आहे. ती सांगते, तिच्या लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत उन्हाळ्यात पात्र आटले की बाया वाळूत झिरा उकरायच्या. हातभर खोल गेले की तळाशी पाणी जमू लागायचे, पहिले गढूळ वाटीने उपसून टाकायचे, नंतर जे येई ते नितळ आणि गार. तेच पाणी भरून घरी आणायचे. वाळू पाणी गाळायची. ती वाळू गेली. रात्री गाढवांवरून गेली, टेंपोतून गेली, आणि जिथे ती होती तिथे आता चिखल, गोटे आणि खड्डे आहेत. खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. बाहेरगावची बाई गुडघाभर पाणी समजून दोन पावले पुढे टाकते आणि गळ्यापर्यंत जाते. होडीवाले ओरडून सांगत असतात, माउली, तिकडं जाऊ नका, तिथं खड्डा हाय. दरवर्षी कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी असते. दर्शनाला आलेला माणूस स्नानात जीव गमावतो, आणि कारण असते कुणाच्या तरी बांधकामासाठी उपसलेली वाळू. याला चोरी म्हणून सोडून देता येणार नाही. गाभाऱ्यातली फरशी कुणी रात्री उचलून नेली असती तर महाराष्ट्र पेटला असता.

मागच्या वर्षी दशमीला पहाटे मी घाटावर होते. आमच्या दिंडीतल्या एक आजी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. तीन बुड्या मारल्या, पितळेचा गडू भरून पुंडलिकाकडे तोंड करून अर्घ्य दिले, आणि पुन्हा ओंजळ भरून ती तोंडाला लावली. पाण्यावर हिरवट तवंग होता, कडेला पत्रावळी आणि कुणाचे तरी टाकलेले लुगडे. मी म्हटले, “आजी, नका पिऊ. निदान आज तरी नुसते डोळ्यांना लावा.” त्यांनी ओंजळ रिकामी केली, मग माझ्याकडे पाहिले. “लेकी, तीर्थ हाय ते. वरीसभर ह्याच्यासाठी जीव टांगून ठेवते मी. न घेता कशी जाऊ?”

मला उत्तर देता आले नाही, आणि मी ते देऊही नये. उत्तर दुसऱ्यांनी द्यायचे आहे. स्नानाच्या पाण्याचे सरकारी निकष आहेत. जैविक ऑक्सिजनची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, विष्ठेतले जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० च्या आत असावेत आणि २,५०० च्या वर कधीच नसावेत. हे झाले अंघोळीपुरते. पिण्याच्या पाण्यात हे जीवाणू मुळीच चालत नाहीत. चंद्रभागेचे पाणी लाखो लोक तीर्थ म्हणून पोटात घेतात, बाटल्यांतून घरी नेतात, आजाऱ्याच्या ओठांना लावतात. तेव्हा इथला निकष अंघोळीचा धरून कसे चालेल? आजींची श्रद्धा बदलायला जाणे हा मार्ग नव्हे. पाणी बदलले पाहिजे.

तीर्थ कधी बाटत नाही, असे काही जण म्हणतात. माझे वडीलही म्हणायचे. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण देवाला सोवळे-ओवळे लागत नाही म्हणून आपण त्याच्यापुढे कचरा टाकत नाही. नदीला मात्र टाकतो. हे पाप वरच्या शहरांचे आहे तसे घाटावर साबण लावणाऱ्याचे, जुने कपडे सोडणाऱ्याचे, प्लास्टिकच्या पिशवीतून निर्माल्य भिरकावणाऱ्याचेही आहे. जुने वस्त्र नदीत सोडले की पीडा जाते, ही समजूत कुणी आणि कधी घुसवली, देव जाणे. वारकरी संप्रदायात तिला काहीच आधार नाही. फडकऱ्यांनी आणि कीर्तनकारांनी प्रस्थानाच्या दिवशी एवढे एक सांगितले तरी पुष्कळ होईल. माळकऱ्यावर फडाच्या शब्दाचा जो अंमल चालतो, तो पोलिसांच्या शिट्टीचा चालत नाही.

होत नाही असे म्हणणाऱ्यांना वाळवंटाचीच आठवण द्यावीशी वाटते. मी शाळेत असताना आषाढीनंतर आठवडाभर वाळवंटातून चालवत नसे. उघड्यावर शौच आणि तो मैला हाताने उचलणारी माणसे, हे दृश्य आम्ही घाटावरून पाहिले आहे. मग ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने वाळवंटातल्या राहुट्यांवर निर्बंध घातले, पैलतीरावरची ६५ एकर जागा दिंड्यांसाठी तयार झाली, पालखीमार्गावर फिरती शौचालये आली, निर्मल वारीची तरुण मुले शिट्ट्या घेऊन पहाटे उभी राहिली. वारीत हे कधी शक्य नाही, असे तेव्हा मोठमोठे लोक बोलत होते. काही वर्षांत फरक दिसला. न्यायालयाचा दट्ट्या, पैसा आणि वारकऱ्यांचे सहकार्य एकत्र आले म्हणून दिसला. नदीसाठी हे तिन्ही अजून एका जागी आलेले नाहीत.

आता पाण्याबद्दल, कारण सगळे तिथे अडते. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाले. क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातले जवळजवळ ६३ मृत साठ्यात. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेले की सोलापूर जिल्ह्यात दुसरा विषय नसतो. खालच्या भीमेत पाणी सुटते ते सोलापूर शहराच्या पिण्यासाठी, शेतीच्या गरजेपोटी किंवा वारीपुरते. म्हणजे एरवी चंद्रभागेत जे वाहते ते बहुतेक करून दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे, पंढरपुरावरून पुढे जाणारे. सोलापूरसाठी उजनीवरून समांतर जलवाहिनीचे काम हाती घेतले गेले. ते सोलापूरकरांच्या हक्काचेच आहे. पण ती वाहिनी पूर्ण क्षमतेने चालली की शहरासाठी नदीत सोडायचे पाणी घटणार. तेव्हा चंद्रभागेत पाणी कुणाच्या नावाने सुटेल?

आवर्तने ठरतात कालवा सल्लागार समितीत. तिथे ऊस उत्पादकांचे बोलणारे असतात, शहरांचे असतात, कारखान्यांचे असतात, आमदार-खासदार तर असतातच. नदीच्या वतीने बोलणारा कुणी नसतो. माझी पहिली मागणी तिथे आहे: उजनीच्या वार्षिक नियोजनात पंढरपूरच्या पात्रासाठी बारमाही किमान प्रवाहाचा कोटा लेखी धरा, आणि त्यासाठी बोलायला मंदिर समितीचा प्रतिनिधी समितीत घ्या. चार वाऱ्यांना फुगवून आणलेले पाणी आणि इतर दिवशी डबकी, याला वाहती नदी म्हणत नाहीत. तुंबलेल्या पाण्यात आवर्तन सोडले की आधी सगळी घाणच पुढे सरकते आणि नेमकी दशमीला घाटाला लागते.

याची किंमत आहे हे मी जाणते. माझ्या भावाचा चार एकर ऊस आहे आणि एखादे आवर्तन लांबले तर घरात काय बोलणी होतात ती मी ऐकली आहेत. त्याला मी हेच म्हटले, दादा, आपल्या ओसरीवर पिढ्यान् पिढ्या दिंडी उतरली, आपले घर त्या लोकांच्या पुण्यावर उभे आहे असे तूच म्हणतोस, मग त्यांच्या स्नानासाठी उसाचे थोडे पाणी सोडायला आपण पुढे झालो नाही तर कोण होणार? तो गप्प बसला. मग म्हणाला, ठिबकला अनुदान वेळेवर मिळू दे, मी सोडतो. त्याचे म्हणणे रास्त आहे. शेतकऱ्याला तहानेला ठेवून नदी वाहती करता येणार नाही. लाभक्षेत्रातला ऊस ठिबकवर नेणे हेही चंद्रभागेचेच काम समजून केले पाहिजे.

मंदिर समितीकडे देणग्या येतात, दागिन्यांची मोजदाद होते, भक्तनिवास बांधले जातात. नदीसाठी समितीचा स्वतंत्र, कायमचा विभाग असावा, त्यात जलतज्ज्ञ असावा, होडीवाल्यांचा माणूस असावा. पात्र कुठे खचले आहे हे त्यांच्याइतके कुणाला कळत नाही. वाळूचोरीची खबर त्यांच्याकडून थेट जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाण्याची सोय असावी आणि खबर देणाऱ्याला संरक्षण असावे. आणि पुणे, पिंपरी-चिंचवडच्या पालिकांनी रोज किती सांडपाणी शुद्ध न करता सोडले, तो आकडा दर महिन्याला पंढरपूरच्या नगरपरिषदेला लेखी कळवणे बंधनकारक व्हावे. वारीच्या आधी या शहरांतले नेते पालखीला खांदा द्यायला, फुगडी घालायला येतात. त्यांच्या गळ्यात हार घालताना हा आकडा विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि मी या वर्षी आमच्या प्रभागात तो विचारणार आहे.

शेवटची मागणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि ती येत्या आषाढीच्या आत होऊ शकते. महाद्वार घाटावर, पायऱ्या संपून वाळवंट सुरू होते तिथे, मोठ्या अक्षरांचा फलक लावा. रोज पहाटे पाणी तपासा. जीवाणूंच्या मोजणीला एखादा दिवस लागतो, तेव्हा आदल्या दिवशीचा निकाल लिहा, पण रोज लिहा, मराठीत, आजींना कुणीतरी वाचून दाखवू शकेल अशा शब्दांत: हे पाणी स्नानाला योग्य आहे की नाही, तीर्थ म्हणून घ्यायला योग्य आहे की नाही. खाली जिल्हाधिकारी आणि मंदिर समितीच्या अध्यक्षांची सही असू द्या. आषाढीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्री येतात, त्यांनाही पूजेआधी त्या फलकापाशी न्या.